रेषेच्या वरचं स्वयंपाकघर

तपासनीस स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला, खिशातून मोबाईलएवढं यंत्र काढून ओट्यावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिला. यंत्रावरचे आकडे जरा वरखाली झाले आणि स्थिरावले. त्याने ते उचलून खिडकीत ठेवलं, मग फ्रिजवर ठेवून पाहिलं. फ्रिजवर ठेवताना त्याचं त्यालाच हसू आलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

"ताई, तुमचं स्वयंपाकघर खाली आहे," तो म्हणाला.

"कशाच्या खाली?" धाकटीने विचारलं.

"डोंगराच्या."

"अहो, मग मी राहते कुठे? समुद्रात?"

तिच्या दारातून बाहेर पाहिलं तर समोर डोंगर, मागे डोंगर, आणि मधून जाणारा रस्ताही डोंगर पोखरूनच केलेला. पण नियमाला डोंगर डोळ्यांनी दिसत नाही. सरकारने उंचीची एक रेषा ठरवली होती. त्या रेषेच्या वर पिकलेल्या आणि वरच तयार झालेल्या खाद्यपदार्थांना 'पर्वतीय उत्पादन' असं लिहिलेलं गोल लेबल मिळणार होतं. धाकटीची जर्दाळूची झाडं रेषेच्या चांगली वर होती. ज्या शेगडीवर त्यांचा जाम व्हायचा ती मात्र तीन मजली इमारतीएवढी खाली.

"मग मी तीन मजले बांधते," धाकटी म्हणाली.

"जमिनीची उंची धरतात ताई, मजल्याची नाही. हा प्रश्न याआधीही लोकांनी विचारलाय."

धाकटी म्हणजे दोन जावांमधली धाकटी. बसथांब्याशेजारच्या त्या घराला तिच्या नवऱ्याच्या नावाने कुणी ओळखत नाही. गावाचा पाण्याचा पंप तो चालवतो म्हणून त्याला सगळे पंपवाला म्हणतात, पण घर मात्र धाकटीचं. अंगाने ठेंगणी, चालीला झपाझप, बोलायला त्याहून झपाझप. खालच्या शहरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिने बरीच वर्षं कॉलर लावण्याचं काम केलं. दुसरं काहीच नाही, फक्त कॉलर. अख्खा सदरा आपण कधी शिवलाच नाही, असं ती सांगते, तेव्हा त्यात तक्रारीपेक्षा आश्चर्य जास्त असतं. जेवणाच्या सुट्टीत ती डब्याबरोबर घरचा जाम न्यायची. आधी मैत्रिणींनी चाखला, मग मागितला, मग विकत घेतला. पुढे शहरातल्या एका दुकानवालीने बरण्या ठेवून घ्यायला सुरुवात केली. मागच्या वर्षी धाकटीने नोकरी सोडली. मालक म्हणाला, "जाम विकून कुणाचं पोट भरलंय?" ती म्हणाली, "खाणाऱ्याचं," आणि तिने मशीनसमोरच्या स्टुलावरची आपली उशी काखेत मारली.

लेबलाची गरज त्या दुकानवालीमुळेच निर्माण झाली. दूर सपाटीवरच्या कुठल्याशा कारखान्याचा जाम तिच्याकडे यायचा. त्या बरणीवर बर्फाचं शिखर, शिखरावर सूर्य आणि पायथ्याशी बकरी. कारखान्याच्या आसपास टेकाडसुद्धा नव्हतं. धाकटीच्या बरणीवर साधी चिठ्ठी, त्यावर पेनाने लिहिलेलं 'जर्दाळू'. गिऱ्हाइकं दोन्ही बरण्या हातात घेऊन विचारायची, "ही शिखरवाली डोंगराची, मग ही कुठली?" शेवटी दुकानवालीने डोंगरी मालाचं वेगळं फडताळ केलं आणि स्पष्ट सांगितलं, "या हंगामापासून तिथे फक्त लेबलवाला माल. तुझा जाम मला आवडतो गं, पण माझ्या आवडीवर कुणी विश्वास ठेवत नाही."

म्हणजे लेबल मिळालं नाही तर या हंगामाचा जाम जाणार कुठे, हा प्रश्न होता. वर जर्दाळू पिवळे पडू लागले होते. ते नियमांसाठी थांबणारं फळ नव्हे.

"शेगडी वर कुठे नेता येईल का?" तपासनिसाने विचारलं. "कुणा नातेवाइकाचं घर, धुतलेलं-पुसलेलं स्वयंपाकघर, पाण्याची सोय. बास. मी पुन्हा येऊन बघून जाईन."

दारात उभ्या पंपवाल्याने खोकल्यासारखं काहीतरी केलं. धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खोकला अर्ध्यातच राहिला.

वर घर होतं, नातेवाईकही होते. पंपवाल्याच्या मोठ्या भावाचं, म्हणजे थोरलीचं घर. सगळे एकत्र राहत होते तेव्हाचंच ते घर, बागेला लागून, चढणीच्या वाटेवर. धाकटी तिथेच नांदायला आली होती, तिथेच जाम करायला शिकली होती, आणि भांडणही तिथेच झालं होतं. भांडणाचं कारण जामच. एकदा पाहुणे जेवायला असताना धाकटी बोलून गेली, "आमच्या ताईंचा जाम सुरीने कापून वाटावा लागतो." थोरलीने लगेच परतफेड केली, "हिचा पेल्यातून प्यावा लागतो." पाहुणे पोट धरून हसले. त्या दोघी हसल्या नाहीत. पुढे वाटण्या झाल्या, बाग अर्धी-अर्धी झाली, धाकटीने रस्त्यालगत घर बांधलं, आणि अबोला पडला तो पडलाच. रस्त्यात समोरासमोर आल्या तर दोघींनाही एकदम आकाशात काहीतरी दिसायचं.

भावाभावांत मात्र काहीच बिघडलं नव्हतं. त्यांना कुणी भांडायला बोलावलंच नव्हतं. थोरला जीपमधून फळांच्या पेट्या वाहायचा. दोघे न्हाव्याच्या दुकानात भेटत, दोन्ही घरांच्या बातम्यांची देवाणघेवाण करत आणि आपापल्या घरी जाऊन काहीच माहीत नसल्यासारखे वागत.

"मी तिच्या पाया पडणार नाही," तपासनीस गेल्यावर धाकटी म्हणाली.

"पाया पड म्हणालं कोण? शेगडी माग."

"तुम्ही मागा. तुमची वहिनी आहे."

पंपवाल्याने भावाला गाठलं तेव्हा भावाच्या तोंडाला साबण होता, त्यामुळे त्याला मध्येच नाही म्हणता आलं नाही. त्याने घरी जाऊन विषय काढला. थोरलीने विचार करायला दोन रात्री घेतल्या आणि दिराला बोलावून अटी सांगितल्या.

"भाऊजी, चपला बाहेर. माझे डबे मी लावलेत तसेच राहतील. आणि जाम चालू असताना मी स्वयंपाकघर सोडणार नाही. माझं घर आहे."

"वहिनी, तुम्ही खुर्ची टाकून बसा. हवं तर तिकीट लावा."

"आणि बोलणार मी नाही. तिला बोलायचं तर तिने बोलावं."

धाकटीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी जाम करायला चालले आहे, गप्पा मारायला नाही." अशा रीतीने करार झाला.

तपासनीस पुन्हा यायच्या दिवशी धाकटी सकाळीच चढण चढून वर गेली. इतक्या वर्षांनी त्या उंबऱ्यातून आत जाताना तिने चपला जरा जास्तच नीट लावल्या. आतलं स्वयंपाकघर लख्ख होतं. ओटा घासून पांढरा केलेला, खिडकीच्या काचा पुसलेल्या, शेगडीच्या जाळ्या चकाकत होत्या. ठेवणीतली पांढरी ओढणी डोक्याला घट्ट बांधून थोरली खुर्चीत बसली होती, जणू फोटोच काढायचा आहे. दोघींनी एकमेकींच्या खांद्यावरून भिंत पाहिली.

तपासनीस आला. यंत्र ओट्यावर ठेवलं आणि हसला. "रेषेच्या वर. अगदी आरामात."

थोरलीने मान किंचित वर केली. उंची तिनेच कमावल्यासारखी.

त्याने नळ पाहिला, निचरा पाहिला, बरण्या उकळायचं पातेलं पाहिलं. धाकटीने विचारलं, "साहेब, साखरपण डोंगरावर उगवलेली लागते का?"

"साखरेला सूट आहे."

"नशीब तिचं."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग तपासनीस बाजूच्या टेबलाकडे वळला. त्याच्यासाठी तिथे बशी मांडली होती, पावाच्या कापलेल्या चकत्या होत्या, चकचकीत चमचा होता, आणि मध्ये एक नवीकोरी बरणी. बरणीवर बर्फाचं शिखर, शिखरावर सूर्य, पायथ्याशी बकरी.

तपासनिसाने बरणी उचलली, फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि पेन काढलं.

"हे बघा," तो जरा अवघडून म्हणाला, "जिथे लेबलाचा माल होणार तिथे बाहेरच्या फळाचा जाम, गर, रस, काहीही सापडलं तर मला नोंद करावी लागते. उद्या कुणी म्हणेल, सपाटीचा जाम आणून नव्या बरणीत ओतला."

धाकटीचे कान तापले. तिला वाटलं तिला सगळं समजलं. ही साफसफाई, ही पांढरी ओढणी, ही खुर्ची, सगळं याच्याचसाठी.

"साहेब," ती म्हणाली, "त्यांना विचारा, हा जाम इथे कुणी आणला."

तपासनिसाने इकडेतिकडे पाहिलं. खोलीत तिघेच होते. "मोठ्या ताई, हा जाम...?"

"मी आणला," थोरली म्हणाली. "बसथांब्यावरच्या दुकानातून. तिथला महागातला."

"साहेब, विचारा, मुद्दाम आणला का."

"मुद्दामच आणला! साहेब, सांगा तिला. पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस मुद्दामच आणतो. घरचा काय ठेवायचा? घरचा घरातली माणसं खातात. घरच्या बरण्या मी काल रात्रीच पलंगाखाली सरकवल्या. बाहेरच्या माणसाला पलंगाखालचं वाढतात का?"

तपासनीस कोपऱ्यातल्या पलंगाकडे गेला, वाकला. खरोखरच खाली बरण्या होत्या, रांगेत, वर जुनी चादर टाकलेली.

"म्हणजे तुम्ही," तो वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला, "डोंगरातला जाम तपासायला आलेल्या माणसापासून डोंगरातला जाम लपवला?"

"लपवला कसला? आवरला."

धाकटीला राग असा आला होता की त्याला जागेवर बसवायला जरा वेळ लागला. पण तिला ठाऊक होतं, थोरली खोटं बोलत नव्हती. या घरात पाहुणा आला की घरचं सगळं आत जायचं आणि बाजारचं बाहेर यायचं. नवी सून असताना तिने स्वतः किती वेळा बरण्या त्या पलंगाखाली ढकलल्या होत्या. बसथांब्यापर्यंतची ती उतरण आणि परतीची चढण थोरलीने गुडघे दुखत असताना केली असणार, तीही या जामसाठी.

"साहेब, मग आता?" तिने विचारलं. आवाज खाली आला होता.

तपासनिसाने फॉर्म उलटापालटा केला. "नोंद तर करावीच लागेल. पण एक सोय आहे. झाडापासून बरणीपर्यंत सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, तर मी तसं लिहू शकतो. माझी बस संध्याकाळी आहे."

थोरलीने खुर्ची मागे सारली. "साहेब, तिला सांगा, वरच्या बांधाजवळचं झाड आज तयार आहे. तिच्या वाट्याचंच आहे."

"साहेब, त्यांना सांगा, मला माझी झाडं माहीत आहेत."

तिघे बागेत गेले. तपासनीस टोपली धरून उभा राहिला, कारण रिकामा उभा राहिलेला माणूस त्या घरात कुणालाच बघवला नसता. फळं आली, धुतली गेली, दोन भाग करून बिया निघाल्या, साखर पडली आणि परात झाकून ठेवली. साखर विरघळेपर्यंत त्याला बाजारच्या पावाबरोबर पलंगाखालचा जाम खायला मिळाला. दोन चकत्या खाल्ल्यावर त्याने पुढची स्वतःच घेतली. बकरीवाली बरणी त्याने बाहेरच्या कठड्यावर नेऊन ठेवली होती.

खरी मजा शेगडी पेटल्यावर सुरू झाली.

"साहेब, तिला सांगा, भांडं मोठं घ्यावं, उतू जाईल."

"ताई, भांडं—"

"ऐकलं. साहेब, त्यांना सांगा, पसरट भांड्यात लवकर आटतो."

"मोठ्या ताई, पसरट—"

"आटवायचं तिला माहीत आहे हे ऐकून बरं वाटलं, सांगा."

तपासनीस दोघींच्या मध्ये उभा राहून टेबलटेनिस बघणाऱ्यासारखी मान फिरवत होता. त्याला नोकरीत असं काम कधी पडलं नव्हतं. फेस वर आला, धाकटीने तो पळीने काढला. साहेबांमार्फत तिला कळवण्यात आलं की फेस काढताना अर्धा जामही निघतोय. साहेबांमार्फत उत्तर गेलं की ज्यांना फेस खायचा त्यांच्यासाठी वाटीत ठेवला जाईल. मग एकाएकी साहेबांचा फोन वाजला. कार्यालयातून होता. भिंतींमुळे आवाज तुटत होता, म्हणून तो बोलत बोलत अंगणात गेला.

स्वयंपाकघरात फक्त खदखद उरली.

थोरलीची शेगडी जुनी आणि तापट. तिच्या डाव्या बाजूची आच केव्हा उसळेल याचा नेम नसतो. घरच्या बाईला ते आवाजावरून कळतं. धाकटीच्या हाताला तिच्या घरच्या मवाळ शेगडीची सवय होती, आणि तिने नेमका त्याच वेळी बशीवर थेंब टाकून तो बोटाने ढकलायला घेतला होता. थेंबावर सुरकुती येते का, म्हणजे जाम बसला का, ते बघत ती वाकली होती. भांड्यातला आवाज बदलला. थोरली खुर्चीतून अर्धी उठली. दाराकडे पाहिलं. दारात साहेब नव्हता.

"अगं ए! तळाला लागतोय!"

"दिसतंय मला!"

"दिसतंय तर हलव की!"

"हलवतेय! तुम्ही आधी ती आच कमी करा, हा तुमचा राक्षस मला काय माहीत!"

"बटण उलटं फिरतं त्याचं, थांब, सोड, माझ्याकडे दे. तू तळ खरवडू नकोस! वरचा वरचा काढ दुसऱ्या भांड्यात!"

"मोठा झारा कुठाय?"

"होता तिथेच आहे! खिळ्याला!"

धाकटीने न बघता हात वर केला आणि झारा खिळ्यावरून काढला. एकीने भांडं तिरकं धरलं, दुसरीने जाम काढला. तळाशी एक काळपट टिकली राहिली. वरचा वाचला होता. दोघी धापा टाकत उभ्या राहिल्या. थोरलीची ओढणी घसरून गळ्यात आली होती आणि तिच्या कोपरावर जामचा शिंतोडा होता.

तपासनीस आत आला. "काय झालं? ओरडण्याचा आवाज आला."

"काही नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

थोरलीने चमचा भरून फुंकला, चाखला. धाकटी बघत राहिली.

"जरा धुरकट झालाय," थोरली म्हणाली. साहेबाला नव्हे.

"तुमची शेगडी."

"तुझं लक्ष." तिने पुन्हा चाखला. "पण बसलाय चांगला. पेल्यातून प्यायला नको."

"आणि सुरीपण नको."

थोरली बरण्या आणायला वळली, तेव्हा तिचा खांदा हलत होता. हसू होतं की खोकला, हे पाठीमागून सांगता आलं नसतं.

बरण्या भरल्या, झाकणं लागली. तपासनिसानेही एक चमचा चाखला आणि डोळे मिटले.

"कसा आहे?" धाकटीने विचारलं. तिचा जीव टांगणीला लागला होता. "धुरकट आहे म्हणून गुण कापणार का साहेब?"

"फॉर्ममध्ये चवीला जागाच नाही ताई. उंची आहे, फळ आहे, भांडं आहे, पाणी आहे. चव नाही."

"मग तपासता काय तुम्ही?"

"हेच मी नोकरी लागली तेव्हा विचारलं होतं," तो म्हणाला आणि बसकडे निघाला. थोरलीने त्याच्या हातात एक बरणी कोंबली. ती त्याने नियमाप्रमाणे परत केली. फेसाची वाटी मात्र नियमात कुठे बसत नव्हती, त्यामुळे ती त्याने उभ्या उभ्या संपवली.

मंजुरीचं पत्र आलं ते धाकटीच्या घरी, पण तिने ते वाचलं थोरलीच्या ओट्यावर, कारण दुसरा घाणा तेव्हा शेगडीवर होता. पत्रात उत्पादकाचं नाव धाकटीचं होतं आणि उत्पादनाचं ठिकाण थोरलीचं घर. थोरलीने ते दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे घर माझं छापणार?"

"पत्ता छापणार."

"मग पत्त्यात 'वरचं घर' असं घाल. नाहीतर लोक तुझ्याकडे जातील."

"जागा नाही तेवढी लेबलावर."

"तुझं नाव बारीक कर."

गोल लेबलांचा गठ्ठा आला तेव्हा धाकटीने कॉलरचं काम आठवून प्रत्येक लेबल बरणीच्या जोडावरून टेपने मापलं आणि सरळ चिकटवलं. थोरलीने चिकटवलेली जरा कलती बसली. बोलणं झालं. या वेळी मध्ये कुणी नव्हतं, म्हणून जरा जोरात झालं. अंगणात जीप लावणाऱ्या थोरल्याने ते ऐकलं आणि तो तिथूनच न्हाव्याकडे वळला. ही बातमी भावाला ताजी द्यायला हवी होती.

पहिल्या बरण्या डोंगरी फडताळावर लागल्या. आठवडा संपायच्या आत दुकानवालीचा फोन आला. धाकटी तळ हलवत होती, म्हणून फोन थोरलीने घेतला.

"संपल्या?" थोरली म्हणाली. "सगळ्या?... हो, हो, धुरकटच असतो आमचा... नाही, मुद्दाम करतो." तिने फोनवर हात ठेवला. "तिला दुप्पट हव्यात. आणि त्या पहिल्यासारख्या, जराशा धुराच्या. गिऱ्हाइकं म्हणतात, डोंगराची चव आहे."

धाकटीने झारा थांबवला. "आता ते दरवेळी कसं जमवायचं?"

"जमेल. शेगडी माझी, लक्ष तुझं." तिने हात बाजूला घेतला आणि फोनमध्ये म्हणाली, "देतो आम्ही. उद्यापासून लागतो."

"उद्या नाही," धाकटी म्हणाली. "उद्या मला पडदे धुवायचेत. परवा."

"परवा," थोरलीने फोनमध्ये सांगितलं. "उद्या आमच्या उत्पादकबाईंना पडदे धुवायचेत."